काळ्या पाण्याचा वास

६ ऑक्टोबर

प्रयोगाच्या नोंदींची वही वेगळी आहे. तिच्यात आकडे सोडून काही लिहायचं नाही, असा नियम मीच पंचवीस वर्षांपूर्वी केला आणि आता तो मोडवत नाही. म्हणून ही दुसरी. ही बायकोच्या पाठ-टाचणांची वही. पुढची चार पानं तिच्या अक्षरात, बाकी कोरी. ती आठवीला भाषा शिकवते. पहिल्याच पानावर तिचं वर्गातलं आवडतं वाक्य आहे: ‘काही शब्दांत पोटभाडेकरू राहतात. दारावर पाटी मालकाची, आत दोघे.’ खाली उदाहरण, नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे छंद. मला जो लागतो तो दुसरा. उरलेली तीन पानं मी वाचलेली नाहीत.

ती जाऊन आज चौदा महिने झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. एका सोमवारी मिलमधून घरी आलो तर घर झाडलेलं, दिवा लावलेला आणि फोनखाली चिठ्ठी. ‘मला इथला वास आता सोसवत नाही. ताईकडे राहते. तिथल्या शाळेत जागा आहे. शब्दकोश जड आहे, तेवढा मागाहून पाठवा.’

तिची काही चूक नाही. लाकूड शिजवून लगदा करणाऱ्या मिलच्या क्वार्टर्समध्ये राहायचं म्हणजे नासका कोबी आणि कुजकी अंडी उशाला घेऊन झोपायचं. मी तिथला केमिस्ट, सव्वीस वर्षं झाली, माझ्या नाकाने केव्हाच हात टेकले. मला काही येत नाही. तिला येत असणार. बिचारी बोलली नाही इतकंच.

तर वास घालवायचा आणि तिला परत आणायचं. काम सोपं नाही, पण सरळ आहे.

शब्दकोश मी अजून पाठवलेला नाही. तो या घरात आहे तोवर तिला एकदा तरी यावंच लागेल. आयुष्यात केलेला हा माझा एकमेव डावपेच.

९ ऑक्टोबर

मोठ्या साहेबांनी लॅबच्या मागची अडगळीची खोली दिली, प्रयोगाला वीज पुरवणारा जुना रेक्टिफायर दिला आणि फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. त्यांना वासाशी घेणंदेणं नाही, त्यांना विकायला काहीतरी नवीन हवंय. माझं काय जातं.

लाकडाचे तंतू काढून घेतले की मागे उरतं ते काळं पाणी. कागदोपत्री त्याला ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात, मिलमध्ये सगळे काळं पाणीच म्हणतात. मी सकाळी डबा घेऊन निघालो की ही दारातून विचारायची, “निघालात का काळ्या पाण्यावर? सुटका कधी?” मी म्हणायचो, “पाचच्या भोंग्याला.” मग दोघं हसायचो. पाचला मी कधी सुटलो नाही ही गोष्ट निराळी.

त्या पाण्यात दोन गोष्टी असतात. एक गंधकाची घाण, ती वास मारते. दुसरं लिग्निन, म्हणजे झाडात तंतूला तंतू धरून ठेवणारा चिकटा. आमचा सगळा धंदा हा चिकटा सोडवण्याचा. आम्ही तो सोडवतो आणि बॉयलरमध्ये जाळून टाकतो. पण गरम काळ्या पाण्यात निकेलच्या दोन पट्ट्या सोडून वीज घातली, तर आधी गंधकाची घाण मोडते, मग लिग्निनचे तुकडे पडतात, आणि त्यातला एक तुकडा म्हणजे व्हॅनिलिन. आइस्क्रीमला जो वास येतो तो. ही काही माझी कल्पना नव्हे, जुन्या पुस्तकांत आहे. माझी फक्त निकड आहे.

नासक्या कोबीतून आइस्क्रीम काढलं तर ती येईल ना बघायला?

१४ ऑक्टोबर

फजिती. वीज घालण्याआधीच नमुन्यात आम्ल ओतलं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे करणार नाही. सगळं गंधक वायू होऊन एकदम बाहेर आलं. अख्खी लॅब अंगणात. टायपिस्ट बाई पदर नाकाला लावून पार गेटपर्यंत गेल्या. खिडक्या उघडून पंखे लावले, तासभर कुणाला आत सोडलं नाही.

बॉयलरवर एक म्हातारा आहे, माझ्याहून जुना. सगळे त्याला वाफोबा म्हणतात. तो लांबून ओरडला, “साहेब, अत्तर काढताय की भुतं?”

१५ ऑक्टोबर

वाफोबाने आज डब्याच्या वेळी सरळच विचारलं, “बाईसाहेबांसाठी चाललंय ना हे?”

मी म्हटलं, “मिलसाठी चाललंय.”

“मिलला कुठं नाक आहे?” म्हणाला, आणि स्वतःच्या नाकात तपकीर कोंबली.

२ नोव्हेंबर

वीज घालायच्या सेलचं बस्तान बसलं. मोठं स्टीलचं दुपदरी भांडं, भिंतीत गरम पाणी, वरून ढवळणी. भांडं थोडं खाली राहत होतं, ढवळणी पोचेना. घरून तिचा शब्दकोश आणून खाली ठेवला. चार बोटं जाड, उंची तंतोतंत जमली. तिला कळलं तर काही खरं नाही. पण ती येईपर्यंत सगळं पुसून जागेवर ठेवता येईल.

कोश आणायला घरी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दुपारी दोनला आमचं घर कसं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाचा एक पट्टा येतो आणि हळूहळू तिच्या स्टुलापर्यंत जातो. ती इथे बसून वह्या तपासत असणार. मी स्टुलावर जरा बसलो. मला तिची फार आठवण येते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

८ नोव्हेंबर

पट्टीवर काळा थर बसतोय. दोन तासांत वीज निम्म्यावर. बाहेर काढून पॉलिश पेपरने घासली, पुन्हा तेच. लिग्निन आहे. ज्याला सोडवायला बसलो तोच येऊन चिकटतो. कॉस्टिक सोडा वाढवून पाहतो.

१९ नोव्हेंबर

आज तीन वाजता टायपिस्ट बाई दारात येऊन म्हणाल्या, “कुणाचा वाढदिवस आहे का? केक आणलाय कुणी?”

मी त्यांना हाताला धरूनच आत आणलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या. भांड्यावर वाकून त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, “इथूनच येतोय हो साहेब! अगदी केकसारखा. खाली थोडा तो आपला नेहमीचा आहे, पण वर केक!”

मी वाकलो, डोळे मिटले, जोरात श्वास घेतला. मला काही आलं नाही. वाफोबाला बोलावलं, त्याचं नाक तपकिरीने मेलेलं. दोन म्हातारे भांड्यावर वाकून कुत्र्यासारखे हुंगत होतो आणि बाई हसत होत्या.

लेकीला सांगायला फोन लावला. ती नोकरीच्या गावी असते, पंधरा दिवसांनी आईकडे जाते. म्हणाली, “अभिनंदन बाबा. घरी जाऊन काहीतरी गोड खा. घरी जाता ना वेळेवर?” पोरीला वाटतं माझ्या पोटाचे हाल होतात.

५ डिसेंबर, रविवार

दोन गोष्टी बिघडल्या. आधी पहिली.

जास्त व्हॅनिलिन मिळावं म्हणून काल दुपारपासून सेल चालू ठेवला होता, पहारा आळीपाळीने मी आणि वाफोबा. आज संध्याकाळी नमुना पाहिला तर जवळजवळ शून्य. आता कळलं. व्हॅनिलिन तयार होतं, पण बाहेर काढलं नाही तर तीच वीज त्यालाही मोडते. जे जमलं ते वेळेवर काढून घ्यायचं असतं. नुसतं चालू ठेवलं म्हणजे वाढत नाही. प्रयोगाच्या वहीत लिहिलं: साडेतीन तास, अधिक नको.

दुसरी. आज लेक येणार होती, आईकडून परत जाताना, अर्ध्या दिवसासाठी. किल्ली कुंडीखाली ठेवली होती. एकला येतो म्हणालो होतो, पण सेल सोडून निघणार कसा? दिवेलागणीला पोचलो तर ती गेली होती. साडेपाचची बस होती म्हणे. एवढी काय घाई होती कोण जाणे. टेबलावर चिठ्ठी आहे. या घरातल्या बायकांना चिठ्ठ्या लिहायची सवयच आहे.

‘बाबा, वाट पाहिली. कपाट आवरलंय, मोजे जोड्या लावून ठेवलेत. एक सांगायचं होतं, समोर सांगणार होते. तुमच्या पत्रांनाही मिलचा वास येतो. आई पाकीट फोडायच्या आधी नाकाशी धरते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही.’

म्हणजे ती अजून तपासते आहे, वास गेला का ते. दर पत्राला तपासते आणि दर पत्राला तो असतोच. मला इतकी लाज वाटली! आता वास घालवणं पत्रांपासून सुरू करायला हवं.

१२ डिसेंबर

पहिले स्फटिक, आठ तारखेला. बारीक सुया, किंचित पिवळसर. चिमूटभर. डबीत घातले आणि डबीतच पत्राचे कोरे कागद चार दिवस ठेवले. टायपिस्ट बाईंनी हुंगून पास केले. मग पत्र लिहिलं. पानभर प्रयोगाचं, शेवटी एक ओळ: ‘पाकीट उघडण्याआधी वास घेऊन बघ.’

दुसरंही बरंच लिहायचं होतं. ओट्यावरच्या उन्हाचं लिहिणार होतो. पण ते पत्रात कसं लिहायचं ते मला जमत नाही, आणि ती भाषेची बाई, चुका काढेल.

२३ डिसेंबर

उत्तर आलं! ‘या वेळच्या पत्राला बेकरीसारखा वास येत होता. पत्र कुणाचं ते मला आधी कळलंच नाही.’

जिंकलो. वाफोबाला वाचून दाखवलं. त्याने तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. मग म्हणाला, “साहेब, ही खूश होऊन लिहिलेली ओळ वाटत नाही मला.”

“तुला काय कळतं पत्रातलं?”

“मला नाही कळत,” म्हणाला. “माझी घरधनीण होती तेव्हा तिला मी लांबून खोकल्यावरनं कळायचो. परवडलं नसतं मला दुसऱ्यासारखं खोकलेलं.”

तपकिरीने त्याच्या डोक्यावरही परिणाम झालाय.

२४ डिसेंबर

तिच्या पत्राचा वास घेतला. मला काही आलं नाही. पण कागद थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

१५ जानेवारी

साहेब स्वतः खोलीत आले. डबी उघडली, हुंगली, पुन्हा हुंगली. “अरे, तुम्ही तर चिखलातून कमळ काढलंत!” म्हणाले. मोठा प्लांट करायचा म्हणतात. तीन वर्षं, माणसं हाताखाली, सगळं माझ्या देखरेखीखाली. “पण मग घरदार विसरायचं हं,” म्हणून हसले. मी पण हसलो. विसरायचं घरदार तर आधीच निघून गेलंय.

होकार देण्याआधी तिला सांगायचं आहे. तीन वर्षांत गंधक मोडायची यंत्रणा चिमणीपर्यंत नेता येईल. क्वार्टर्समध्ये वास उरणार नाही. तिला सांगता येईल की ये.

२८ जानेवारी

तिचं कार्ड. ‘कोशावाचून फार अडतं. तुम्ही काही पाठवत नाही असं दिसतं. ११ फेब्रुवारीला अर्धी सुट्टी आहे. चारच्या बसने येते, सहाच्या बसने परत. कोश काढून ठेवा.’

चार ते सहा. दोन तास.

डावपेच लागू पडला. मी आज बॉयलरपर्यंत उगाचच चालत गेलो आणि परत आलो.

१० फेब्रुवारी

घर झाडलं, पडदे धुतले. पडदे बाहेर वाळत घालणार होतो, मग वाटलं त्यांना मिलचा वास लागेल, म्हणून घरातच दोरी बांधली. दोरीखालून वाकून ये-जा करतो. उद्या सकाळी कोश सेलखालून काढायचा, कडेला काळ्या पाण्याचा गोल डाग पडलाय, तो पुसून पाहायचा. पावणेचारला घरी. स्फटिकांची मोठी बाटली टेबलावर, झाकण उघडं.

काय बोलायचं ते तिच्या टाचणासारखं मुद्दे काढून लिहिलं. मुद्दे सगळे वासाचे आहेत.

११ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

साहेबांना नेमके आजच पाहुणे आले, त्यांना ताजा नमुना हवा. साडेबाराला सेल लावावा लागला, म्हणजे कोश खालीच अडकला. चारला नमुना काढायचा, म्हणजे पावणेचार गेलं. पण बस नेहमी अर्धा तास उशिरा येते, तेवढ्यात पोचेन असा हिशेब केला. मग वीज मध्येच थोडी मंदावली, म्हणून घड्याळाचा गजर आणखी पुढे, पाचवर लावला. आजच्या दिवशी बस वेळेवर आली.

पाचला दहा कमी असताना खोलीच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. सव्वीस वर्षांत ती लॅबच्या दारापर्यंत दोनदा आली होती, दोन्हीदा विसरलेला डबा द्यायला. केस थोडे पांढरे झालेत. हातात मोठी रिकामी कापडी पिशवी.

“घराला कुलूप होतं,” ती म्हणाली. “किल्ली कुंडीखाली असते हे माहीत आहे मला. पण उघडून आत वाट बघत बसावंसं वाटलं नाही. ते मी बरंच केलंय.”

मी काहीतरी बोललो, बसचं. मग घाईने डबी तिच्या हातात दिली. तिने हुंगली. “छान आहे,” म्हणाली. आठवीतल्या एखाद्या पोराला ‘अक्षर सुधारतंय हं’ म्हणते त्या सुरात.

मी मुद्द्यांप्रमाणे सुरू केलं. गंधक कसं मोडतं, मोठा प्लांट, तीन वर्षं, चिमणी. “तीन वर्षांनी इथे वास म्हणून राहणार नाही,” म्हणालो.

“कुठला वास?”

“कुठला म्हणजे? तूच लिहिलं होतंस.” मी पाकिटातून चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटली आहे. तिने आपलंच अक्षर पुष्कळ वेळ वाचलं. मग विचारलं, “कोश कुठंय?”

मी सेलखाली बोट दाखवलं.

“त्याच्यावर ठेवलंय ते?”

“उंची बरोबर होते,” मी म्हणालो.

ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिने ओठ दाबले. हसू होतं की काय, सांगता येत नाही. मी भांडं तारांसकट उचलून बाजूला ठेवलं. तिने कोश स्टुलावर ओढला, डागावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे सरकवला.

“काढा. व.”

मी काढला.

“वा. पुढे या अजून. हं. वाचा.”

“वास,” मी वाचलं. “पुल्लिंग. एक, गंध.”

“पुढे.”

“दोन. राहणे, वस्ती, मुक्काम.”

माझं बोट तिथेच राहिलं.

“मी पोटभाडेकरूबद्दल लिहिलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही मालकाला हाकलायला निघालात.”

मी म्हटलं, “मग त्या वासाचं... तो तुला कधी...”

“पहिली दोन वर्षं उलट्या व्हायच्या मला. मग सवय झाली. मग तर असं झालं की पाचचा भोंगा झाला, वारा इकडून असला, की तो खिडकीतून आत यायचा आणि मी चहाचं आधण ठेवायची. तुमचं आणि माझं.” तिने पिशवीची घडी घातली. “वास रोज वेळेवर घरी यायचा हो. येत नव्हतात ते तुम्ही.”

तेवढ्यात गजर वाजायला लागला. नमुना काढायची वेळ. पाच मिनिटांचा खेळ असतो, पुढे सगळं मोडायला लागतं.

“वाजतंय,” ती म्हणाली.

“वाजू दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. गजर बराच वेळ वाजला आणि आपोआप बंद पडला. मी मुद्द्यांचा कागद खिशात घातला. फक्त ओट्यावरच्या उन्हाचं सांगितलं, दुपारी दोनचं, स्टुलापर्यंत जातं ते. ती म्हणाली, “डिसेंबरात स्टुलाच्या पुढे जातं. माठापर्यंत.”

सहाच्या बसला सोडायला गेलो. बस उशिरा आली, पंधरा मिनिटं शेजारी उभे होतो. सहवास पंधरा मिनिटं. मी आता शब्द फोडून बघायला लागलोय. ‘परत ये’ असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तिला कुठे ये म्हणायचं, रिकाम्या घरात? ती एवढंच म्हणाली, “पत्रांना तो आइस्क्रीमचा वास नका लावू पुन्हा. भलत्याच माणसाचं पत्र वाटतं.”

लॅबमध्ये परत आलो तर कोश स्टुलावरच. एवढी मोठी पिशवी घेऊन आली आणि रिकामीच घेऊन गेली. एवढ्या दुरून ज्यासाठी आली तेच विसरली.

१२ फेब्रुवारी

कालचा नमुना पाहिला. सगळं मोडलं, व्हॅनिलिन शून्य. पाहुणे हात हलवत गेले. साहेब चिडले आहेत.

प्रयोगाच्या वहीत रकाना आहे, ‘नमुना न काढल्यास कारण’. पंचवीस वर्षांत तिथे मी ‘वीज गेली’ किंवा ‘पट्टी खराब’ सोडून काही लिहिलेलं नाही. बराच वेळ पेन धरून बसलो आणि लिहिलं: ‘ती आली होती.’

१४ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, प्लांट करतो, पण पाचला घरी जाणार.

“प्रयोग काय पाचच्या भोंग्याला थांबतो?” साहेब म्हणाले.

“थांबतो साहेब. बटण आहे त्याला.”

विचार करून सांगतो म्हणाले. दुसरा माणूस बघतील बहुतेक. बघोत. वाफोबाने हे ऐकलं आणि पहिल्यांदाच मला तपकीर देऊ केली. घेतली. सव्वाशे शिंका आल्या.

१७ फेब्रुवारी

कोशाचं पार्सल बांधलं. तिला अडत असणार. जाड कागद, सुतळी, सात गाठी. डाग काही गेला नाही. व चं पान कुठे आहे ते कडेवरूनच कळतं आता, बोट फार वेळ राहिल्याने मळलंय.

कोश गेला की माझ्याकडे डावपेच असा काही उरत नाही. पण तिची वस्तू अडवून धरायची हे बरं नाही. ज्याचं त्याला.

१८ फेब्रुवारी

पाचच्या भोंग्याला बटण बंद केलं. वाटेत माणसं घड्याळ बघत होती, माझ्याकडे बघून. पाच वाजून बावीस मिनिटांनी दार उघडलं. घरात कोणी नव्हतं. तरी आलो.

खिडकी उघडली, आधण ठेवलं. सवयीने की काय, दोन कप पाणी घातलं. चहा गाळत होतो तोच फोन वाजला. घरचा फोन कसा वाजतो हेच विसरलो होतो. मला सगळे लॅबमध्येच फोन करतात, घरी मी सापडत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. धावत जाऊन उचलला.

“आहात?” ती म्हणाली.

“आहे.”

 तिकडे कुणाची तरी भांडी वाजत होती. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, पडेल म्हणून.

“कोश पाठवलात का?”

“बांधून ठेवलाय. उद्या सकाळी टाकतो.”

“नका टाकू.”

“अगं पण तुझं अडतं ना त्याच्यावाचून?”

पलीकडून तिचा तो सुस्कारा आला, आठवीच्या वर्गासाठी राखून ठेवलेला. “अडतं,” ती म्हणाली. “म्हणूनच. राहू दे तिथे.” आणि मग, “उद्याही याच वेळेला करून बघेन.”

फोन ठेवला. दुसऱ्या कपातला चहा निवत होता, तो निवेपर्यंत मी विचार करत बसलो, ती असं का म्हणाली याचा. मग पार्सल मांडीवर घेतलं. सुरी जवळच होती, पण सुतळी कापली नाही. साती गाठी एकेक करून सोडवल्या.